नळातून आलेली ज्वारी

तुम्ही नळाला पाणी नाही म्हणून कुरकुरता. देवपूरला आमच्या नळातून ज्वारी आली होती.

लेव्हीचे दिवस होते. कुणाकडे जास्तीचं धान्य सापडलं की तलाठी ते सरकारजमा करायचा. मी नळाच्या कामावर मिस्त्री होतो. रस्ता फोडायची परवानगी नव्हती, म्हणून अलीकडे खड्डा घेऊन आम्ही लोखंडी नळ जॅकने रस्त्याखालून रेटत होतो. नळात शिरलेली माती लांब दांड्याच्या पळीने ओढून काढायची. पलीकडे आबा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं अंगण. हा प्रकार नवा, त्यामुळे बघायला निम्मी वस्ती जमलेली. तलाठीही त्यातच.

दुपारी माती यायची थांबली आणि ज्वारी यायला लागली. आधी ओंजळभर, मग घमेलंभर.

तलाठ्याने विचारलं, "आबा, अंगणाखाली धान्याचं पेव आहे का तुमचं?"

"नई भाऊ. तुम्हना नळमाईन निंघनी, माले काय इचारतस?"

आमचे ओव्हरसियर कोकणातले. त्यांना पेव ठाऊक नाही, लेव्हीशी देणंघेणं नाही. ते मला म्हणाले, "मिस्त्री, नळ चोंदलाय. पाणी सोडा, धुऊन निघेल."

मी बादली उचलली, तसे आबा खड्ड्यात उतरून नळाच्या तोंडाला पाठ लावून बसले.

"पानी नका सोडू रे भाऊ. बठ्ठी भिजी जाई."

इकडच्या बोलीत बठ्ठी म्हणजे सगळी. तलाठी इकडचाच. त्याने टोपी सारखी केली आणि आबांच्याच बोलीत हळूच विचारलं,

"बठ्ठी म्हंजे कितली, आबा?"