दहा अनोळखी माणसं

…आणि वर हे मलाच म्हणतात, ‘ममता, तुला कान नाहीत!’ मला कान नाहीत? अहो, कान आहेत म्हणून तर त्रास आहे ना! तुम्हाला सांगते, लोकांच्या मुली कॉलेजात जाऊन डिबेट करतात, भरतनाट्यम करतात, गेला बाजार एखादा मुलगा तरी पटवतात… आमची समिधा काय करते? रेडिओ! कॉलेजचा इंटरनेटवरचा रेडिओ, दर गुरुवारी संध्याकाळी एक तास, आणि त्यात लावायचं काय, तर जगात कुणी ऐकलेलं नाही ते! जॉर्जिया नावाच्या देशातला कुणी मुलगा फ्रीजचं दार उघडझाप करतो आणि मागे त्याची मावशी खोकते… ‘आई, दॅट्स नॉट कफिंग, दॅट्स टेक्स्चर!’ बरं बाई, टेक्स्चर. गाणं म्हणायचं त्याला? म्हणू बापडे!

आता हे खूळ आलं कुठून? माझ्या माहेरून नक्की नाही! आमच्या ह्यांनी, सोमनाथरावांनी, पुण्यात कॉलेजात असताना हाच उद्योग केलेला. कॅम्पस रेडिओ! तो म्हणे होस्टेलच्या भिंतीपलीकडं जायचा नाही, पण हे शिलाँगच्या, ऐझॉलच्या कुठल्या कुठल्या बँडच्या कॅसेटी मागवायचे, पेन्सिलीनं गुंडाळायचे आणि लावायचे. ‘ममता, एकेक कॅसेट म्हणजे खजिना होता गं!’ …असेल. पण प्राचार्यांनी एक दिवस खजिन्याला कुलूप घातलं. कारण काय, तर ऐकतं कोण? अजूनही तो विषय निघाला की ह्यांचा घास हातातच राहतो. म्हणून लेकीचा कार्यक्रम हे एक गुरुवार चुकवत नाहीत. ऑफिसातून यायचं, आमच्या शारजातल्या, अल मजाजच्या बाल्कनीत बसायचं, खाली खालिद लगूनचं पाणी, कानात हेडफोन, डोळे मिटलेले. स्क्रीनवर आकडा येतो ना, आत्ता किती जण ऐकतायत? तो आकडा कायम एक. आणि तो एक म्हणजे हे!

तर त्या रेडिओची मुख्य, एमान म्हणून मुलगी आहे, तिनं समिधेला सांगितलं, ‘हबीबती, या गुरुवारी दहा लिसनर आले नाहीत तर खलास. तुझा स्लॉट शवारमाचे रिव्ह्यू करणाऱ्या मुलाला.’ पोरगी दोन दिवस जेवली नाही हो! मी म्हटलं, अगं त्यात काय, बाबा महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकतील, दोनशे लोक आहेत… तर अशी उसळली! ‘नो! बाबा, प्रॉमिस मी, यू वोन्ट फॉरवर्ड इट टू एनीवन! आय वॉन्ट रियल लिसनर्स. स्ट्रेंजर्स!’ आणि ह्यांनी दिलं की वचन!

गुरुवारी बघते तर हे दुपारीच घरी. ‘चल, दुबईला, रास अल खोरला जायचंय, मुश्ताककडे.’ मुश्ताकभाई म्हणजे रत्नागिरीकडचे, ह्यांचे जुने दोस्त, जुन्या गाड्यांच्या पार्टचं गोडाऊन आहे त्यांचं. मी म्हटलं, अहो, वचन दिलंय ना? तर म्हणतात, ‘मी फॉरवर्ड नाही करणार. मी स्वतः जाणार.’ वकील व्हायला हवं होतं या माणसानं!

आणि ट्रॅफिक… शारजा ते दुबई, संध्याकाळची वेळ, तुम्हाला काय सांगायचं! हे स्टिअरिंगवर बोटं आपटतायत, घामानं शर्ट पाठीला चिकटलाय, एसी फुल! पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झालेला. मुश्ताकभाई दारात. ‘यल्ला यल्ला, ये लवकर! पोरं थांबवून ठेवलीत.’ आत बारा-तेरा माणसं, ड्यूटी संपवून, इंजिनांच्या ढिगामध्ये उभी, कुणी मंडणगडचा, कुणी गुहागरचा, एक-दोघं बिहारचे, हातात मोबाईल. आणि मुश्ताकभाईंनी स्वतः वायफायचा पासवर्ड वाटला… जो माणूस तो सख्ख्या भावाला देत नाही बरं का! ‘सोमनाथ, तू पण माझ्याच वायफायवर ये, मेहमान आहेस!’ सगळ्यांनी लावलं. बारा-तेरा मोबाईलमधून एकदम ते फ्रीजचं दार! भिंतीवरची पाल पळाली हो! गाणं म्हणायचं त्याला? म्हणू बापडे!

ह्यांनी आकडा बघितला. एक.

पुन्हा बघितला. एकच! गोडाऊन भरून माणसं आणि श्रोता एक! आणि मोबाईलमधून आमची समिधा बोलतेय, आवाज इतकुसा झालेला… ‘सो… हाय टू माय वन लिसनर. मे बी धिस इज द लास्ट टाइम.’ तुम्हाला सांगते, ह्यांचा चेहरा मला बघवेना. मग एकदम कपाळावर हात मारला. ‘अरे, सगळे एकाच वायफायवर! रेडिओला वाटतंय एकच घर आहे! वायफाय बंद करा, आपापल्या डेटावर या, लवकर!’

आणि कुणी मोबाईलला बोट लावेना.

का? अहो, यांचा डेटा म्हणजे काय चैनीचा असतो का? रात्री रूमवर गेलं की गावाकडं व्हिडिओवर बायकापोरांची तोंडं बघायची, त्यासाठी राखून ठेवलेला तो. हे माझ्याकडं बघतायत, मी जमिनीकडं. कुठल्या तोंडानं मागायचं, सांगा? तर मुश्ताकभाईच पुढं झाले. ‘अरे बघता काय, भाईची पोर हाय!’ एकानं बंद केलं. दोन. दुसऱ्यानं केलं. तीन… चार… तिघाचौघांचा बॅलन्सच संपलेला, एकाचा मोबाईल त्याच वेळी मेला. मी माझा काढला पर्समधून, कधी नव्हे ते! मला धरून नऊ. नऊ! आणि घड्याळ पुढं पळतंय आणि समिधा म्हणतेय, ‘ओके, लास्ट साँग…’ आणि राहिला कोण, तर कोपऱ्यात महादू. संगमेश्वरचा. मोबाईल छातीशी धरून उभा.

‘ताई,’ मला म्हणाला, ह्यांना नाही, ‘पोरगी नुकतीच बोलायला लागलीय. आज तिची आई, सगुणा, तिला फोनवर बोलायला लावणार हाय. डेटा तेवढ्यापुरताच उरलाय.’ मी म्हटलं, राहू दे हो महादू. हे पण म्हणाले, राहू दे. खरंच म्हणाले, आणि वळून भिंतीकडं तोंड केलं. इकडं ते शेवटचं गाणं, कुणीतरी पत्र्याच्या डब्यांवर वाजवत होतं… महादू ऐकत राहिला. मग विचारतो, ‘साहेब, मगाशी बोलत होती ती तुमची पोरगी?’ ‘हो.’ ‘बरी बोलते.’ आणि त्यानं वायफाय बंद केलं.

दहा!

अहो, काय ओरडली माणसं! मुश्ताकभाईंनी महादूला ओढत ऑफिसात नेलं, ‘तुझ्या पोरीला माझ्या वायफायवरनं लाव, रात्रभर बोल, इन्शाल्ला तिची शाळा होईपर्यंत बोल!’ आणि बाकीचे त्या डब्यांच्या तालावर इंजिनं बडवतायत, शिमगा नुसता! मी रडत होते. हे सांगायचं नव्हतं मला, पण रडत होते.

आणि गाडीत बसतोय तोच समिधेचा फोन. स्पीकरवर! ‘बाबा! टेन! टेन पीपल! एमाननं मला दोन तास दिलेत, डबल स्लॉट!’ हे हसायला लागले, तोंड उघडलं… तेवढ्यात ती थांबली. ‘वेट. त्यातले एक तुम्हीच ना? सो… नाइन.’

तुम्हाला सांगते, मी त्या क्षणी ह्यांच्याकडं बघितलं. कधी न चुकलेला माणूस! आणि म्हणतात काय, ‘नाही गं. आज मीटिंग होती. मी ऐकलंच नाही.’

‘…यू डिडन्ट?’

‘नाही. दहाच्या दहा अनोळखी.’

मग अगदी बारीक आवाजात, ‘इट्स ओके, बाबा.’ आणि मग, ‘घरातलं कुणीच नव्हतं?’ हे नुसते गाडीची किल्ली लावतायत, काढतायत, आणि मला काय बुद्धी झाली, मी मध्येच ओरडले, ‘अगं, पुढच्या वेळेपासून मी ऐकेन ना!’

‘आई? यू? प्रॉमिस?’

झालं! वचन देणारं हे घराणंच आहे! आता दर गुरुवारी दोन तास मी हॉलमध्ये, फोन स्पीकरवर, समोर तो मोठ्ठा आवाज, आणि संपलं की लेकीचा फोन, परीक्षा… ‘आई, बेसलाइन कशी वाटली?’ मी बघते बेडरूमच्या दाराकडं. कारण हे आत, दार लावून, हेडफोन घालून चोरून ऐकत असतात, मीटिंग आहे ना ह्यांची दर गुरुवारी! दारातून मुंडकं काढून खुणेनं उत्तरं सांगतात, तेव्हा मी पास होते. गाणं म्हणायचं त्याला? म्हणू बापडे! घरात श्रोते दोन, बरं का… ज्याला त्यातलं कळतं तो परका, आणि जिला ओ की ठो कळत नाही, ती घरची!