निरवांगीचा पिचर

सन पंचावन्न. बारामतीच्या एसटी थांब्यावर इंदापूरच्या गाडीची रांग. माझ्यापुढं निरवांगीचा गेणबा, त्याच्यापुढं महिपतराव. एका कारखान्यात खेळाचा मास्तर नेमायचं काम ह्याच महिपतरावांकडं.

"पटायचं न्हाय तुमाला महिपतराव, पर मी सात वर्षं अमेरिकेत बेसबॉल खेळलोय. पगारी पिचर!"

"पिचर म्हंजे?"

"चेंडू फेकणारा. समोर गडी दांडकं घिऊन हुबा. त्याला चेंडू दिसूच द्यायचा न्हाय."

"मग तो मारतो कसा?"

"मारतोय कशाचा! एक गोरा तर मी घरी जेवाय गेल्यावर दांडकं फिरवायचा."

"मग खेळ सोडला का?"

"खांदा निखळला. तितला सायब म्हनला, गेणबा, आता नुसतं शिकव. झालो कोच! आता तुमी हितली मास्तरकी द्या, म्हंजे झालं."

"नेम कसा होता?"

"सत्तेचाळीस ते चोपन्न, एकदाबी चुकला न्हाय."

"मग या सोमवारी. जागा तुमचीच."

मागून एक म्हातारी रांग सोडून पुढं आली.

"थांबा वो महिपतराव! आमच्याच गावचा हाय ह्यो. सत्तेचाळीस ते चोपन्न अमेरिकेत व्हय रं गेण्या? मग दर सुगीला पाखरांवर गोफण मारताना माझी कौलं फोडली ती कुणी?"