गादीतला हात

त्या गादीच्या जाहिरातीत मी दचकलो ते खरं की नाटक, हे विचारून तुम्ही मला भंडावलंय, म्हणून एकदाच सांगतो.

द्वारका चौकाजवळच्या दुकानात गादी घ्यायला गेलो होतो. पाठीला बरी वाटते का बघावं म्हणून आडवा झालो आणि डोळा लागला. तेवढ्यात गादीतून एक हात वर आला आणि माझा खांदा हलवू लागला. मी डोळे न उघडता, ऑफिसातल्या सवयीनं म्हणालो, "जेवणाची सुट्टी आहे. अडीचनंतर या."

पडद्यामागून कॅमेरावाला रडवेला होऊन बाहेर आला. "काका, जरा घाबरा ना. सकाळपासून कुणीच घाबरलं नाही. आज व्हिडिओ झाला नाही तर माझी नोकरी जाईल."

नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर मी विरघळलो. दुसऱ्या वेळी असा किंचाळत उठलो, की गादीतला माणूसच घाबरला.

आता व्हिडिओखाली लोक लिहितात, "हात कॉम्प्युटरचा आहे, पण काकांची भीती अस्सल."

खरं ओळखलं ते एकट्या आमच्या हिनं. व्हिडिओ बघून म्हणाली, "सगळं नाटक. हा माणूस गादीवरून इतक्या चपळाईनं उठूच शकत नाही."