शुक्रवारची चीजची मनईश

चोरली? — थांबा सिस्टर, परत सांगा. माझ्या भट्टीतून रोटी चोरली, चीजची मनईश, तुमच्या तिसरीतल्या पोरीनं? आणि तिनं स्वतः कबूल केलं? आणि तुम्ही तिच्या वतीनं माफी मागायला आलात. बसा. नाही, बसाच. त्या पिठाच्या पोत्यावर बसा, झगा पांढरा होईल पण झटकला की जातं. आणि ते पैसे उचला आधी माझ्या ओट्यावरून. उचला म्हणते ना.

नवीन आहात तुम्ही. वर डोंगरातल्या कुठल्याशा गावच्या, नाही का? — जिथं अख्खं गाव एकाच चर्चचं, एकाच दिवशी उपास धरायचा, एकाच दिवशी सोडायचा. इथं झाहले शहरात तसं नाही हो. इथं एका बाकावर दोन पोरं बसतात, त्यातल्या एकाचा ईस्टर ह्या महिन्याच्या शेवटी आणि दुसऱ्याचा थेट मे महिन्यात. मग ईस्टरच्या आधीचा उपास तरी एक कसा असेल? आपण कॅथलिकांनी चीज सोडून महिना झाला, आणि ऑर्थोडॉक्सांचा उपास अजून लागायचाय — येत्या सोमवारी. तोवर ती पोरं चीज खाणारच, का नाही खाणार? तुमच्या आधीच्या सिस्टर मादलेन शुक्रवारची ऑर्डर द्यायला यायच्या तेव्हा म्हणायच्या, उम्म नखले, आपल्या पोरांना नुसत्या झातर मसाल्याच्या, आणि त्यांच्यासाठी चीजच्या, वेगळ्या कागदात गुंडाळून. तुम्ही आलात आणि सरसकट झातर. मी बोलले का काही? नाही बोलले. म्हटलं नवी आहे, शिकेल. चुकलंच माझं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

आणि मग गेल्या शुक्रवारी तो भोंगा. शाळा सुटायच्या आधी तुम्ही माइकवर आठवड्याच्या बातम्या वाचता ना — मी इथं भट्टीसमोर उभी राहून ऐकते, तुम्ही यायच्या कितीतरी आधीपासून ऐकते. कुणाचा दात पडला, कुणाला भाऊ झाला, पहिलीच्या वर्गातलं कासव कुठं हरवलं आणि कुठं सापडलं. माझा मुलगा नखले ब्राझीलला जाऊन बसलाय, घरी भिंतींशी बोलायचं, तर मला त्या कासवाचीसुद्धा काळजी लागते. आणि त्या दिवशी तुम्ही — कम्युनियनच्या पोशाखांची मापं कधी घेणार ते सांगून झालं, आणि त्याच गोड आवाजात — तिसरीतल्या एका मुलीनं उपासाच्या शुक्रवारी चीज खाल्लं, दप्तरात उरलेली अर्धी मनईश सापडली, तिच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना म्हणा. आणि म्हटली पोरांनी! सगळ्या शाळेनं, एका सुरात. कासव आणि पाप एकाच यादीत. भट्टीतली रोटी जळून काळी झाली तरी मला कळलं नाही.

नाव नाही घेतलं म्हणता? अहो, पोरांना नाव सांगावं लागतं होय? ती फाटकातून बाहेर आली तेव्हा मी ह्या दारात उभी होते. स्वतःचे बूट बघत चालली होती. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नेहमी बघते — हळूच, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, म्हणजे आईला दिसायला नको —

काय?

हो. ओळखते मी तिला. तक्ला. हियामची मुलगी, आणि हियाम माझी. आजी आहे मी त्या चोराची. आडनाव मित्री, जावयाचं, तुम्हाला कसं कळणार? तो ऑर्थोडॉक्स आहे, म्हणून पोरही ऑर्थोडॉक्स, त्याचं मला काही नाही, मी लग्नात नाचले होते. पण दोन वर्षांमागं तो म्हणाला, भट्टी विका, इथं मोबाइलचं दुकान टाकू. हे लांब लाकडी फावडं दिसतंय ना? ह्यानंच रस्त्यापर्यंत हाकललं त्याला. आजही हाकलीन. त्यावर हियाम म्हणाली, माझी मुलगी तुझ्या दारात पुन्हा दिसणार नाही. बोलली ते पाळलं तिनं, माझीच मुलगी आहे. पण पोर शुक्रवारी शाळेत लवकर येते, गायनाच्या तालमीला, आणि मागच्या दारानं आत शिरते. पाच मिनिटं. पिठात बोट घालते, कासवाचं सांगते, मनईश घेते आणि पळते. तेवढंच. एवढाच माझा आठवडा, सिस्टर, बाकी सगळं पीठ.

तुम्ही विचारलंत, कुणी दिली? आजीनं म्हणाली असती तर तुम्ही हियामला सांगितलं असतं, आणि शुक्रवार बंद. म्हणून म्हणाली, चोरली. आठ वर्षांची पोर — माझं दार उघडं राहावं म्हणून चोर झाली. आणि तुम्ही तिला आठवडाभर मधल्या सुटीत मरियमेच्या पुतळ्यासमोर उभं केलंत. आज तालमीलाही बसवली नाहीत, म्हणजे सकाळी आली नाही ती का, ते आत्ता कळलं मला! मी आपली मागचं दार उघडं टाकून बसले. ही बघा, केलेली, गार झाली. सोमवारपासून मीच देऊ शकत नाही, तिचा उपास लागतो.

खासगीत सांगाल? तिच्या आईला बोलावून, शांतपणे? वा. पाप भोंग्यावर आणि माफी कानात? नाही चालणार. आज शुक्रवारच आहे. बातम्या व्हायच्यात. पहिलीच बातमी ही वाचा — तक्लानं चोरी केली नाही, उपास मोडला नाही, मनईश तिला आजी देते, दर शुक्रवारी. माझं नाव घ्या. हियाम न्यायला येते तेव्हा फाटकाशी उभी असते, तिला ऐकू जाईल. जाऊ दे.

हो, कळतं मला काय होणार ते. पुन्हा नाही पाठवणार ती. तालीम बंद करेल नाहीतर स्वतः सोडायला येईल. पण पोरीला चोर म्हणवून घेऊन मला शुक्रवार नकोत.

उठा. शाळेच्या त्या टोपलीत आहेत, झातरच्या. आणि ही वेगळ्या कागदातली. तुमच्या हातानं द्या तिला, सगळ्यांसमोर, आणि खाऊन होईपर्यंत तिथंच उभ्या राहा. पैसे न्या म्हटलं ना ते. जा आता.

आणि दार ओढून घ्या जाताना, घट्ट. आजच्या बातम्या मला ऐकायच्या नाहीत.