जिंकल्यानंतरची उडी

जेद्दाच्या शराफिया भागात, ट्रॅव्हल एजन्सीच्या बाकावर शर्मिला सुट्टीच्या तिकिटासाठी ताटकळत होती. भिंतीवरच्या टीव्हीत स्वीडनची एक उंच उडीवाली धावत आली. शर्मिलाच्या मागे दोन रत्नागिरीकर बसले होते.

“पाडलीन बघ आडवी काठी. संपली स्पर्धा.”

“म्हणजे हरली, लियाकतभाई?”

“हरते कुठची? बाकीच्या केव्हाच बाद झाल्या. जगज्जेती आहे ती. घोटा मोडून खाटेवर पडली होती, तरी परत आली. आजची तिची शेवटची स्पर्धा.”

“मग जिंकल्यावर परत उडाली कशाला?”

“रीतच आहे तशी, बशीर. जिंकलेल्याला विचारतात, आता काठी किती वर ठेवू? तो सांगेल तेवढी ठेवतात. शेवटी पाडूनच घरी जातो तो.”

“नको म्हणायचं मग.”

“एवढं मानानं विचारल्यावर नको म्हणवत नाही. मलाही विचारलंन कफीलने, आमच्या अरब मालकाने.”

“काय?”

“मोबाईलच्या दुकानात आता कायद्याने सौदीच माणूस हवा. तर माझ्या जागी आलेल्याला रिपेरिंग शिकवायला तुला किती वेळ देऊ, म्हणाला.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मार्चपर्यंत. तोवर आमच्या पोरीची, इफराची दहावी इथेच आटोपली असती.”

“आणि आजच तिकीट काढताय?”

“लवकर शिकला तो.”

“चुकीचं शिकवायचंत ना, भाई.”

“रोज ठरवून जायचो. नाही जमलं.”