बाटलीआधी पापणी

सोलापूरच्या दवाखान्यात रांग सरकत नव्हती आणि म्हाताऱ्या येडू धनगराचं तोंड थांबत नव्हतं. सगळी रांग ऐकत होती. त्याच्या बायकोला, बनाबाईला, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“खोकल्याच्या दोन बाटल्या प्यालो, तरी चार पावलांत धाप लागतीया. डाक्टरनं माज्याकडं बघितलंच न्हाय.”

“अवं, हळू बोला की!”

“मेंढरू मरगळलं तर आपुन काय करतो?”

“पापणी वढून बघतो. आता गप बसा.”

“आतनं पांढरी दिसली तर?”

“अंगात रगात न्हाय. अवं, लोकं हसत्यात!”

“हसू देत. आज डाक्टरला तोंडावर सांगतो, आदी माजी पापणी बघ, मग बाटली भर.”

येडूचं नाव पुकारलं. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, “खोकला कसा आहे?”

येडूनं हात जोडले. “बरा हाय जी.”

“तेच औषध चालू ठेवा.”

“व्हय जी.”

बनाबाईनं कपाळावर हात मारला. “आता का दातखीळ बसली?”

ती पुढं झाली, मेंढराची धरावी तशी नवऱ्याची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली.

“सायेब, लिवायचं मागनं. आदी हितं बघा.”