आप्पांनी आणलेली पोती

(आप्पांचं स्वयंपाकघर, दुपारची वेळ. थोरली लेक बेबी गोदामातली नोकरी सांभाळून कामगारांच्या आरोग्याचा अभ्यासक्रम शिकते आहे. टेबलावर तिची वही, दोन कप चहा.)

आप्पा : थांबलीस का? लिही की. अख्खी हयात एकाच कारखान्यात काढली, सहसा खाडा नाही, असं लिही. तुझ्या सरांना कळू दे कुणाची लेक आहेस ते.

बेबी : लिहिलं, आप्पा. पण सरांना हजेरी नको आहे. घरातल्या एखाद्याचं काम नीट समजून घ्या म्हणालेत. कामावर त्याच्या शरीरात काय काय गेलं असेल, ते.

आप्पा : चहा गेला. दुसरं काय जाणार? आणि या वयात हे खूळ कुठून शिरलं तुझ्या डोक्यात? केस पिकायला लागले, पोरगी कॉलेजात जाते, आणि बेबी आपली पाटी-दप्तर घेऊन बापापुढे बसली.

बेबी : गोदामात सुरक्षेचं बघायला कुणी नव्हतं. मी म्हटलं, मी शिकते.

आप्पा : बरं, विचार. मास्तरीणबाईंपुढे आमचं काय चालतंय.

बेबी : तुमचं रोजचं काम काय होतं? अगदी हातांनी काय करायचात, ते सांगा.

आप्पा : छपराचे पत्रे बनायचे आमच्याकडे, सिमेंटचे. मी मिक्सरवर. ॲस्बेस्टॉसची पोती यायची. शिवण उसवायची, पोतं मिक्सरवर उलटं धरायचं आणि झटकायचं. आत पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं. खिडकीतून ऊन आलं की सगळी हवा चमचम करायची. नवीन माणूस बघतच राहायचा.

बेबी : नाकातोंडाला काही बांधायचात?

आप्पा : रुमाल. मोठे साहेब फेरीला आले की. ते गेले की पुन्हा खिशात.

बेबी : तुम्हाला कधी दम लागला? छातीत दुखलं?

आप्पा : मला? तीन जिने चढून दूध आणतो मी रोज. लोक उगाच त्या कारखान्याच्या नावाने खडे फोडतात. जन्म गेला त्या धुळीत आणि मी ठणठणीत आहे. तुझ्या आईने कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि ती खोकून खोकून गेली. स्टोव्हच्या धुराने खाल्लं बिचारीला. नशीब एकेकाचं.

बेबी : कामाचे कपडे कुठे बदलायचात?

आप्पा : घरी येऊन. तिथे नळावर ही रांग. आणि घरी तुम्ही पोरं दारात उभी. तू तर पायाला विळखाच घालायचीस, माझ्या पँटला नाक पुसायचीस.

बेबी : आणि ते कपडे?

आप्पा : आई झटकायची मागच्या दारात. तसेच भिजवले तर बादलीत गाळ बसायचा ना. टापटिपीची बाई होती. सगळं जिथल्या तिथे.

बेबी : आणि पोती?

आप्पा : कुठली पोती?

बेबी : रिकामी. घरी आणायचात ती.

आप्पा : तुला आठवतात? अगं, काय उड्या पडायच्या त्या पोत्यांवर. ताग असा दणकट की हातांनी फाटणार नाही. फोरमनच्या मर्जीतल्या माणसालाच मिळायची. त्यातली चांगली चांगली मी आधीच बाजूला काढून ठेवायचो. तुझी आई हरखून जायची. तिने त्यांचे पडदे शिवले, पायपुसणी केली, गादीला खोळ घातली. उसवायच्या आधी भिंतीवर आपटून घ्यायची. दार लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. सगळी खोली...

बेबी : बोला ना.

आप्पा : सगळी खोली पांढरी व्हायची.

बेबी : चहा घ्या, गार होतोय.

आप्पा : होऊ दे. तू पेन का खाली ठेवलंस?

बेबी : झालं तेवढं पुरे. बाकीचं पुस्तकातून लिहीन.

आप्पा : पुस्तकात काय आहे ते मला सांग. आडपडदा नको.

बेबी : आप्पा, राहू दे ना.

आप्पा : बेबी.

बेबी : त्याचे तंतू फार बारीक असतात. छातीत गेले की तिथेच रुततात. कुणाला कित्येक वर्षांनी त्रास होतो, कुणाला कधीच नाही. आणि नुसता कामगारांनाच होतो असं नाही. त्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही होतो.

आप्पा : म्हणजे स्टोव्ह नव्हता.

बेबी : आता खात्रीने कोण सांगणार? नवरा काय काम करतो, हे डॉक्टरांनी तेव्हा विचारलंच नाही.

आप्पा : विचारलं असतं तर छाती फुगवून सांगितलं असतं मी. काय माणूस आहे बघ. तिला म्हणायचो, स्टोव्हवर इतकी वाकू नकोस, खिडकी उघडी ठेवत जा, किती वेळा सांगायचं तुला. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हाही तेच. तिलाच बोल लावत राहिलो. आणि ती त्या गादीवर पडून ऐकून घ्यायची.

बेबी : तुमचा दोष नाही यात. वरच्या लोकांना माहीत होतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. हे कारखान्याने केलं, आप्पा.

आप्पा : कारखाना कधी आला गं आपल्या घरी? मीच यायचो.

बेबी : असं नका ना बोलू.

आप्पा : तू कुठे झोपायचीस तेव्हा?

बेबी : आईजवळ.

आप्पा : त्याच गादीवर.

बेबी : हो.

आप्पा : दाखवलंस कुणाला?

बेबी : सोमवारी छातीचा फोटो काढायचाय.

आप्पा : मी येतो बरोबर.

बेबी : मग तुमचाही काढून घेऊ.

आप्पा : माझं मरू दे. तुला खोकला आहे?

बेबी : नाही.

आप्पा : माझ्याकडे बघून सांग.

बेबी : सकाळी उठल्यावर येतो थोडा.